हिब्रूत निरोप देताना 'लेख लेशालोम' म्हणावं की 'लेख बेशालोम'?

जिवंत माणसाला 'लेख लेशालोम' म्हणा. 'लेख बेशालोम' हा मृताला द्यायचा निरोप आहे. फरक एका अक्षराचा. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात, हिब्रूत ते सुरुवातीला चिकटतात: 'ले' म्हणजे 'कडे', 'बे' म्हणजे 'मध्ये'. 'शांतीकडे जा' म्हटलं की वाट अजून पुढे आहे. 'शांतीत जा' म्हटलं की ती संपली. हा नियम तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या बराखोत या भागात (६४अ) दिला आहे. तिथले बायबलमधले दाखले फार बोलके आहेत. इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, 'लेशालोम' म्हटलं (निर्गम ४:१८) आणि मोशे थोर झाला. दावीद राजाने आपल्या मुलाला, अबशालोमला, 'बेशालोम' म्हटलं (२ शमुवेल १५:९) आणि तो झाडाला लटकलेला असताना मारला गेला. आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, त्याच जातीची ही काळजी.

म्हणताना एवढं सांभाळा:
- बाईला 'लेखी लेशालोम', अनेकांना 'लेखू लेशालोम'.
- 'ख' घशातून घासून काढायचा, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा.

'शालोम'चं भाषांतर नुसतं 'शांती' केलं तर अर्थ तोकडा पडतो. धातू श-ल-म, त्याच धातूतला 'शालेम' म्हणजे पूर्ण, अखंड. त्यामुळे आशीर्वादात क्षेमकुशलही येतं.

मात्र हा भेद धार्मिक परंपरेतला आहे. इस्राएलमध्ये रोजच्या बोलण्यात निरोपाला 'लेहित्राओत' (पुन्हा भेटू) म्हणतात, तेच तुम्हीही बिनधास्त वापरा.