शब्दचर्चा : कमाल, शिखर आणि नुसती ‘सरासरी’

प्रश्न : आयर्विन पुलाच्या खांबांभोवती कृष्णेचा प्रवाह कसा वाहतो, याचं संगणकावर सिम्युलेशन केलं आहे. मराठी अहवालात ‘पीक’ला कमाल म्हणू की शिखर? आणि ‘ॲव्हरेज’ला सरासरी पुरेल ना?

कमाल आणि शिखर एक नव्हेत. सांगलीत पाणी ४३ फुटांवर चढलं, ४१ वर उतरलं आणि पुन्हा ४६ वर जाऊन ओसरलं, तर शिखरं दोन झाली. कमाल पातळी मात्र एकच, ४६. शिखर म्हणजे चढ संपून उतार सुरू होतो ती जागा. पाणी कितीदा चढून उतरलं हे सांगायचं असेल तर शिखरंच मोजावी लागतात. उच्चांक हा शब्द इथे नको, त्यात विक्रमाचा अर्थ आहे.

कमाल वेग लिहिताना तो कुठे आणि कितव्या सेकंदाला आला हेही लिहा. ओपनफोम या प्रवाहगणिताच्या सॉफ्टवेअरमधलं ‘फील्डमिनमॅक्स’ हे साधन जागा सांगतं. ती जागा खांबाच्या धारदार कोपऱ्यावरची, वेडीवाकडी झालेली एखादीच पेशी (गणितासाठी पाण्याचे पाडलेले छोटे तुकडे म्हणजे पेशी, त्या सगळ्या मिळून जाळी) निघाली, तर तो आकडा पाण्याचा नसून जाळीचा दोष असण्याचीच शक्यता जास्त. जाळी बारीक केल्यावर आकडा वाढतच राहिला की तसंच समजावं. अशा वेळी सोबत ९९ वा शततमक, म्हणजे ९९ टक्के मूल्यं ज्याच्या खाली राहतात तो आकडा, द्यावा. निकाल चित्ररूपात दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूमध्ये पेशींवरची मूल्यं जाळीच्या बिंदूंवर आणली की ती शेजाऱ्यांत वाटली जाऊन कमाल खाली येते, म्हणून कमाल पेशींवरूनच घ्या.

खरी अडचण सरासरीची आहे. हा शब्द फारसीतल्या ‘सरासर’वरून आला, त्याचा अर्थ या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून तो एकटा लिहिला की कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न उरतोच. १० चौरस मीटर भागात वेग ४ मीटर प्रतिसेकंद आणि ३० चौरस मीटरमध्ये १ असेल, तर दोन आकड्यांची साधी सरासरी २.५ येते. क्षेत्रभारित सरासरी (४० + ३०) ÷ ४०, म्हणजे १.७५. विसर्गाशी जुळते ती दुसरी. गाळाच्या प्रमाणासारख्या, पाण्यासोबत वाहून जाणाऱ्या गोष्टींना प्रवाहभारित सरासरी हवी, म्हणजे जिथून जास्त पाणी जातं त्या भागाला जास्त वजन.

कालसरासरीत सुरुवातीचा अस्थिर काळ धरू नका. पाणी निदान एकदा सगळं क्षेत्र ओलांडून जाईपर्यंतचा भाग वगळा. कालपायऱ्या (गणित ज्या छोट्या कालखंडांनी पुढे सरकतं ते) लहानमोठ्या असतील तर प्रत्येक मूल्याला त्या पायरीच्या लांबीने गुणून बेरीज करा आणि एकूण काळाने भागा. नाहीतर लहान पायऱ्यांच्या काळाला उगाच जास्त वजन मिळतं. खांबामागच्या भोवऱ्यात तर आणखी एक फसगत होते. वेग निम्मा वेळ पुढे २ आणि निम्मा वेळ मागे २ असेल, तर दिशेसह सरासरी शून्य येते, पण चालीची, म्हणजे दिशा सोडून नुसत्या आकड्याची, सरासरी २ असते.

प्रत्यय आणि शब्दांचा क्रमही जपा : ‘कमाल वेगांची सरासरी’ आणि ‘सरासरी वेगांतील कमाल’ या दोन वेगळ्या गणिती क्रिया आहेत, उत्तरंही वेगळी येतात.

तेव्हा ‘पीक ॲव्हरेज व्हेलॉसिटी’ऐवजी असं लिहा : ‘पहिले ६०० सेकंद वगळून काढलेल्या कालसरासरी वेगांतील कमाल मूल्य, स्थान, तिसऱ्या खांबाची उजवी बाजू.’