साइक्स आडनाव : मूळ पुरुष एक की अनेक?

प्रश्न : पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर मी गेली कित्येक वर्षे पक्षी पाहतो. तिथे तांबूस रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला एक चंडोल दिसतो आणि इंग्रजीत तो ‘साइक्सचा चंडोल’ म्हणून ओळखला जातो. इंग्लंडमधले सगळे साइक्स एकाच मूळ पुरुषाचे वंशज असल्याचे ऑक्सफर्डच्या एका शास्त्रज्ञाने डीएनएच्या आधारे दाखवले, आणि त्या शास्त्रज्ञाचे आडनावही साइक्सच होते, असे अलीकडे वाचनात आले. हे कितपत खरे आहे? आणि चंडोलाला ज्यांचे नाव मिळाले ते गृहस्थही त्याच कुळातले म्हणायचे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी आडनावाचा अर्थ पाहू, कारण सगळा वाद त्या अर्थातूनच निर्माण झाला. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे लहानसा ओहोळ. त्यातही सखल, पाणथळ जमिनीतून वाहणारा आणि उन्हाळ्यात बहुधा आटून जाणारा. हा शब्द जुन्या इंग्रजीत आहे आणि त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा शब्द जुन्या नॉर्स भाषेतही आहे. असा ओहोळ पुष्कळदा दोन शेतांची किंवा दोन गावांची हद्द ठरवीत असे. ओहोळाच्या काठी राहणारा माणूस कागदोपत्री ‘डेल साइक’, म्हणजे ‘ओहोळापाशचा’, असा नोंदला जाई आणि पुढे त्याच्या मुलानातवंडांनाही तेच नाव चिकटले. आपल्याकडेही ओहोळ हे आडनाव आहेच. इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर हळूहळू रुजली आणि सर्वसामान्य शेतकऱ्यांपर्यंत ती मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकांत पोहोचली. साइक्स हे आडनाव प्रामुख्याने यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या भागातले असून हडर्सफील्डच्या परिसरात आजही ते घरोघरी आढळते.

हा सगळा डोंगरउताराचा मुलूख आहे आणि ओहोळ तिथे प्रत्येक उतारावर आहेत. त्यामुळे हे नाव ठिकठिकाणी, एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या कुटुंबांनी स्वतंत्रपणे घेतले असणार, असे जुन्या कागदपत्रांवरून वाटत होते आणि त्यात गैर काहीच नव्हते.

आता डीएनएकडे वळू. ऑक्सफर्डचे आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांची एका मोठ्या औषध कंपनीचे तत्कालीन प्रमुख सर रिचर्ड साइक्स यांच्याशी गाठ पडली. आपण एकमेकांचे नातेवाईक तर नाही ना, असा प्रश्न साहजिकच निघाला. दोघांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांचे वाय गुणसूत्र जुळले. या कुतूहलातून उभा राहिलेला अभ्यास ब्रायन साइक्स आणि कॅथरीन अर्व्हेन यांनी २००० साली प्रसिद्ध केला. वाय गुणसूत्र फक्त पुरुषांत असते आणि त्याचा बहुतेक भाग बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. इंग्लंडमध्ये आडनावही याच वाटेने जाते. म्हणून आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची सांगड घालता येते. या गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएची तीन-चार अक्षरांची जुळणी ओळीने पुन्हा पुन्हा आलेली असते, एका ठिकाणी समजा १४ वेळा, तर दुसऱ्या ठिकाणी २४ वेळा. अशा ठिकाणांवरचे आकडे एकापुढे एक मांडले की त्या पुरुषवंशाची खूण मिळते.

या अभ्यासात साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांची अशी चार ठिकाणे तपासली होती. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांत एकच खूण सापडली. तुलनेसाठी घेतलेल्या, त्याच भागातल्या आणि एकूण ब्रिटनमधल्या अन्य आडनावांच्या पुरुषांत मात्र ती आढळली नाही. आजच्या साइक्स मंडळींचा मूळ पुरुष एकच असावा आणि उरलेल्या निम्म्यांमधली विविधता सुमारे ७०० वर्षांत पितृवंशात पडलेल्या खंडांमुळे, म्हणजे आडनाव एका पुरुषाचे आणि वाय गुणसूत्र दुसऱ्याचे असे घडल्यामुळे, आली असावी, असा निष्कर्ष दोघांनी काढला. हे खंड सरासरी दर पिढीला १.३ टक्के, म्हणजे शंभर जन्मांमागे एकापेक्षा थोडे अधिक, असा त्यांचा अंदाज होता.

तुम्ही वाचलेले विधान या निष्कर्षाच्या एक पाऊल पुढे गेलेले आहे. निम्म्या माणसांची खूण जुळली याचा अर्थ निम्म्यांची जुळली नाही, आणि न जुळण्याचे कारण एकच असते असे नाही. समजा चौदाव्या शतकात पाच ओहोळांच्या काठी पाच साइक्स कुटुंबे होती. त्यांतल्या दोघांना मुलीच झाल्या, तिसऱ्याचा वंश प्लेगमध्ये बुडाला, चौथ्याचा जेमतेम तग धरून राहिला आणि पाचव्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या भरपूर मुलगे जगले. सातशे वर्षांनी तपासले, तर पाचव्याची खूण सर्वत्र दिसेल आणि मूळ पुरुष एकच होता असा भास होईल. माझ्या मते साइक्सच्या बाबतीत एक वंश फार मोठा झाला हे निश्चित आहे. पण तो एकटाच होता, हे चार ठिकाणांच्या बळावर म्हणता येत नाही. आज ३७, ६७ किंवा १११ ठिकाणे सर्रास तपासली जातात. त्या मानाने चार ठिकाणांची चाळणी बरीच मोठ्या छिद्रांची होती, आणि तरीही वाट दाखवण्याचे श्रेय त्या अभ्यासालाच द्यायला हवे.

चंडोलाचे साइक्स म्हणजे विल्यम हेन्री साइक्स. त्यांचा जन्म १७९० चा. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात अधिकारी होते आणि १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. त्या निमित्ताने ते दख्खनभर हिंडले, पिके आणि लोकसंख्या यांच्या नोंदी केल्या आणि जोडीने पक्ष्यांच्याही केल्या. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तुमच्या चंडोलाचे शास्त्रीय वर्णन त्याच वर्षीचे आहे. त्यांचे घराणे यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डजवळचे होते. हडर्सफील्ड तिथून फार दूर नाही, म्हणून ते मोठ्या वंशातले असण्याची शक्यता चांगली आहे. परंतु शक्यता आणि पुरावा यांत अंतर असते. पुरावा हवा, तर त्यांच्याच घराण्यातला, बापाकडून मुलाकडे अखंड उतरत आलेला एखादा हयात पुरुष शोधून त्याचा नमुना तपासावा लागेल.

प्रश्न : माझे पती इंग्रज असून त्यांचे आडनाव साइक्स आहे. गेल्या नाताळात त्यांनी हौसेने वाय गुणसूत्राची चाचणी करून घेतली. त्यांची खूण या आडनावाच्या मुख्य गटाशी जुळली नाही. तेव्हापासून माझे सासरे फार अस्वस्थ आहेत. ‘आपण खरे साइक्स नाहीच,’ असे ते जेवताना दोनदा म्हणाले. त्यांना काय सांगावे, मला समजत नाही.
– एक वाचक भगिनी, लीड्स

उत्तर : तुमच्या सासऱ्यांना सर्वप्रथम एवढेच सांगा की ते पूर्णपणे खरे साइक्स आहेत. आडनाव ही समाजाने आणि कुटुंबाने दिलेली गोष्ट आहे. ती गुणसूत्रावर कोरलेली नसते. मुख्य गटाशी न जुळणाऱ्या साइक्सांची संख्या जुळणाऱ्यांपेक्षा कमी नाही, हे वर आलेच आहे.

त्यांच्या मनात जी शंका सलते आहे ती मी ओळखू शकतो, म्हणून त्याबद्दल मोकळेपणाने लिहितो. शास्त्रज्ञांच्या भाषेत ज्याला पितृवंशातला खंड म्हणतात, तो ऐकताच बहुतेकांच्या मनात व्यभिचार येतो. प्रत्यक्षात अशा खंडाला कितीतरी साधी कारणे असतात. बाप लवकर गेला, आईने दुसरे लग्न केले आणि मुलांनी सावत्र बापाचे आडनाव घेतले. अविवाहित आईच्या मुलाला आईचे आडनाव मिळाले. अनाथ भाच्याला एखाद्या कुटुंबाने वाढवले. कुठे मृत्युपत्रातच अट होती की जमीन हवी असेल तर आमचे आडनाव लावावे लागेल, आणि जावयाने ते लावले. यांपैकी कोणत्याही घटनेत कोणी कोणाला फसवलेले नाही. आणि आपण वर पाहिले त्याप्रमाणे, तुमच्या सासऱ्यांचे घराणे वेगळ्याच ओहोळाकाठचे असेल, तर त्यांच्या वंशात खंड पडलेलाही नसेल.

लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा खंडांचे प्रमाण दर पिढीला साधारण एक ते साडेचार टक्क्यांच्या दरम्यान असावे, असे त्यातून दिसले. प्रमाण लहान आहे. पण वीस-पंचवीस पिढ्यांत ते साठत जाते आणि त्यातून राजघराणीही सुटत नाहीत. तिसरा रिचर्ड या राजाचे अवशेष २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सापडले. मातृवंशाच्या डीएनएने त्याची ओळख पटली. परंतु वंशावळीप्रमाणे त्याच्याच पितृकुळातले असलेले पाच हयात पुरुष तपासले, तेव्हा पाचांपैकी एकाचेही वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही, आणि त्यांतल्या एकाचे तर उरलेल्या चौघांशीही जुळले नाही. शतकानुशतके जपलेल्या वंशावळीची ही स्थिती असेल, तर शेतकऱ्याच्या घराण्यात एखादा खंड निघाला म्हणून जेवणाच्या टेबलावर कोणी मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

शक्य झाल्यास एक करा. सासऱ्यांच्या चुलत घराण्यातला, वंशावळीत चार-पाच पिढ्या मागे फुटलेला एखादा पुरुष तयार असेल तर त्याचीही चाचणी करून घ्या. दोघांची खूण एकमेकांशी जुळली, तर निदान त्या समान पूर्वजापासून पुढे काही बदललेले नाही, हे त्यांना कळेल.

प्रश्न : माझा एक मित्र स्मिथ आडनावाचा आहे. त्याने चाचणी करूनही आडनावाबद्दल काहीच हाती लागले नाही. एका आडनावाला जमते ते दुसऱ्याला का जमत नाही? आणि अशा चाचणीतून पूर्वज व्हायकिंग होते की सॅक्सन, हे सांगता येते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते. त्यामुळे या आडनावाचे मूळ पुरुष असंख्य आहेत. आपल्याकडे पाटील आडनावाची दोन माणसे भेटली म्हणून कोणी त्यांना भाऊबंद समजत नाही, तसेच हे आहे. याउलट नॉटिंगहॅमशायरमधल्या एका खेड्यावरून पडलेले अ‍ॅटनबरो हे आडनाव घ्या. लेस्टरच्या अभ्यासात दहापैकी जवळजवळ नऊ अ‍ॅटनबरोंची खूण एकच निघाली. त्याच गटाने २००६ मध्ये एकाच आडनावाच्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या होत्या, तेव्हा सुमारे एकचतुर्थांश जोड्यांत अलीकडचा समान पूर्वज दिसला. दुर्मीळ आडनावांपुरते पाहिले, तर हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेले. साइक्स दुर्मीळ नसूनही त्यात एक खूण इतकी पसरली, म्हणून तर ते उदाहरण लक्षवेधी ठरले.

व्हायकिंग की सॅक्सन, हा प्रश्न वाय गुणसूत्राला विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही लोक उत्तर समुद्राच्या पलीकडच्या, एकमेकांना लागून असलेल्या प्रदेशांतून आले आणि त्यांच्या पुरुषवंशांत पुष्कळ सरमिसळ होती. शिवाय वाय गुणसूत्र हा पूर्वजांच्या अफाट पसाऱ्यातला केवळ एक धागा असतो. दहा पिढ्या मागे गेलो की वंशवृक्षात १,०२४ जागा असतात, आणि आडनाव त्यांतल्या एकाच जागेवरून आलेले असते.

हा धागा कुठे जाऊन पोहोचेल याचा नेम नसतो. पूर्व यॉर्कशायरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या पुरुषात किंग आणि जॉबलिंग यांच्या गटाला पश्चिम आफ्रिकेत आढळणारा अतिशय प्राचीन पुरुषवंश सापडला. त्या गृहस्थांना आपल्या घराण्याच्या आफ्रिकी संबंधाची पुसटशीही कल्पना नव्हती. मग त्याच आडनावाचे १८ पुरुष तपासले आणि त्यांतल्या सात जणांत हाच वंश निघाला. कागदपत्रांवरून त्यांची दोन घराणी अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरमध्येच असल्याचे दिसले. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. रोमन काळात त्या भागात आफ्रिकी सैनिक होते आणि पुढे गुलामांच्या व्यापाराच्या काळातही आफ्रिकी माणसे इंग्लंडमध्ये आली, तेव्हा दोन्ही वाटा संभवतात.

प्रश्न : माझ्या आईचे माहेरचे आडनाव साइक्स, तिचे वडील ब्रिटिश होते आणि ती महाराष्ट्रातच वाढली. मला किंवा तिला ही चाचणी करता येईल का?
– एक वाचक भगिनी, देवळाली

उत्तर : वाय गुणसूत्र स्त्रियांत नसते, त्यामुळे तुम्हा दोघींपैकी कोणाच्याही नमुन्यातून साइक्स वंशाची खूण मिळणार नाही. तुमच्या सख्ख्या भावालाही ती चाचणी तुमच्या वडिलांचा वंश दाखवील, आईच्या वडिलांचा नाही. तुमचे मामा किंवा मामांचे मुलगे असतील, तर त्यांचा नमुना उपयोगी पडेल. गालाच्या आतून लहानसा ब्रश फिरवण्याइतकेच ते काम आहे. त्याआधी मात्र आजोबांचा जन्मदाखला आणि त्यांच्या वडिलांचे जन्मगाव मिळवा. इंग्लंडमधल्या चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात आणि १८४१ च्या जनगणनेपासून घरातल्या माणसांची नावेही मिळतात. या वह्यांत एकाच माणसाचे आडनाव एकदा ‘वाय’ने आणि एकदा ‘आय’ने लिहिलेले सापडेल, दोन्ही रूपे शोधा, कारण लिहिणारा पाद्री कानाला ऐकू येईल तसे लिहीत असे.