मऊ अ‍ॅक्ट्युएटरला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न आलाय की हवेतल्या ओलाव्याने किंवा उष्णतेने आपोआप वाकणाऱ्या त्या छोट्या मऊ पट्ट्या असतात ना, सॉफ्ट अ‍ॅक्ट्युएटर, त्यांना 'मऊ सेन्सर' म्हटलं तर चालेल का. नाही चालणार! सेन्सर ओळखतो, अ‍ॅक्ट्युएटर हलतो, आणि हल्ली जे काही स्वतःहून हलतं त्याला सरसकट सेन्सर म्हणतात ते ऐकून खरंच वैताग येतो.

काही जण 'प्रवर्तक' सुचवतात, पण प्रवर्तक म्हणजे एखादी चळवळ किंवा पंथ सुरू करणारा, रबराच्या पट्टीला कसला पंथ? 'कृत्रिम स्नायू' त्यापेक्षा बरा, पण सुश्रुताने ९०० स्नायू आणि ५०० पेशी वेगवेगळ्या मोजल्यात, त्याच्याकडे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा तंतू, आकुंचन पावणारं मांस ती पेशी, आणि पेशी आपण सेलला देऊन टाकली.

आता खरी गंमत. इंग्रजी मसल आला लॅटिन मुस्कुलुसवरून, म्हणजे छोटा उंदीर, कातडीखाली पळतो म्हणून. आणि आपण दंड फुगवून काय दाखवतो? बेडकुळी! त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. माझ्या मते बेडूक या शब्दाला लाडाचा प्रत्यय लागून हा शब्द झाला, आणि 'बेटकुळी' हा नुसता उच्चारातला बदल आहे. 'बेट' म्हणजे उंचवटा, त्यावरून बेटकुळी, असं सांगणाऱ्यांनी दंड नीट पाहिलेलाच नाही, बेट जागचं हलत नाही, हे टुणकन वर येतं.

म्हणून माझं म्हणणं, सॉफ्ट अ‍ॅक्ट्युएटरला बेडकुळीच म्हणा. अर्थही चपखल बसतो बघा, मऊ आहे, फुगतं, हलतं. पाइनच्या शंकूचे खवले घ्या, बाहेरचा थर ओलाव्याने जास्त फुगतो म्हणून ते मिटतात, वाळले की उघडतात, आणि त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, म्हणजे मज्जातंतू नाही की बॅटरी नाही, सगळं काम दोन थरांच्या असमान फुगण्यावर. लाजाळूचं तंत्र वेगळं, तिथे देठाच्या बुडाशी गादीसारखा फुगीर भाग असतो, त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पाणी निघून जातं आणि पान पडतं. पाणी धरणारे काही जेल साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेले की आक्रसतात, तीही बेडकुळीच.

लिंग स्त्रीलिंगीच ठेवा, अनेकवचन बेडकुळ्या: 'या बेडकुळ्या दमट हवेत मिटतात.'