आजोबांच्या अल्बममध्ये 1872 चे गरुडाचे जर्मन टपाल तिकीट सापडले आहे. 2 क्रॉयत्सर किमतीचे, नारिंगी, वर टपालाचा गोल शिक्का. खरे की बनावट, घरी कसे ओळखू?

आधी गरुडाच्या छातीवरची ढाल पाहा: लहान की मोठी? मोठी असेल तर तिकिटाआधी शिक्क्यावर संशय घ्या. मोठ्या ढालीचे 2 क्रॉयत्सर कोरे, म्हणजे शिक्का न बसलेले असले तर फार महाग नसते. त्या काळच्या खऱ्या शिक्क्यासह मात्र दुर्मीळ. 18 क्रॉयत्सरचेही तसेच. त्यामुळे अस्सल कोरे तिकीट घ्यायचे आणि वर खोटा शिक्का उमटवायचा, हा धंदा जोरात चालतो. अख्खे तिकीट छापायची खटपट कोण करील?

शिक्क्यातले गाव वाचा. क्रॉयत्सर हे जर्मनीच्या दक्षिणेकडचे चलन. ही तिकिटे बाडेन, हेसेन, फ्रँकफुर्ट अशा भागांत चालली, म्हणजे मानहाइम, कार्ल्सरुह, डार्मश्टाट, माइंत्स ही नावे जुळतात. बर्लिन, हांबुर्ग, लाइप्त्सिगला ग्रोशन हे वेगळे चलन होते. म्युनिक आणि श्टुटगार्टकडे तर बव्हेरिया व व्युर्टेम्बर्गची स्वतःची तिकिटे. या न जुळणाऱ्या गावांपैकी नाव दिसले तर पुढे तपासायची गरजच फारशी उरत नाही. एक सापळा आहे: फ्रँकफुर्ट दोन. माइन नदीवरचे चालेल, ओडर नदीवरचे नाही. तिथे ग्रोशन चालत.

मग तारीख. मोठी ढाल 1872 च्या मध्यापासून आली, म्हणून त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीची तारीख अशक्य. 1 जानेवारी 1875 पासून टपालात मार्क-फेनिग हे नवे चलन आले, तेव्हा त्यानंतरची तारीखही सावधपणे घ्या.

आता दहापट भिंग घ्या आणि तिकिटाला काही इजा आहे का ते शोधा: तुटका दात, खरवडलेली जागा, बारीक चीर. शिक्क्याची शाई त्या उघड्या तंतूंत शिरलेली दिसली तर शिक्का इजेनंतर बसला आहे. तिकीट पाकिटाच्या तुकड्यावर असेल तर शिक्क्याची रेघ तिकिटावरून कागदावर उतरताना तुटते का, शाईचा रंग बदलतो का, ते पाहा. रेघ बारीक ठिपक्यांची बनलेली असेल तर ती आजच्या प्रिंटरची.

तिकीट स्वतः खोटे असल्याची शंका असेल तर गरुड बघा. अस्सल तिकिटात तो रंगाविना, फक्त उठावाने घडवलेला असतो. तिकीट तिरपे धरून प्रकाश टाकला की पिसे वेगवेगळी दिसतात. नकलांमध्ये हा उठाव बोथट असतो. परफोरेशन, म्हणजे कडेला दर दोन सेंटिमीटरमागे असलेली छिद्रे, आडवे 13½, उभे सुमारे 14¼ भरले पाहिजे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा झगमगला तर वाईट खूण, कारण कागद उजळवणारी ती रसायने विसाव्या शतकातली. पण कुणी तिकीट डिटर्जंटमध्ये धुतले असेल तरी तसे दिसते, एवढ्यावर निकाल देऊ नका.

मागे परीक्षकाची छोटी सही-छाप असेल तर हुरळू नका, त्याही खोट्या मारल्या जातात. वरच्या सगळ्यातून तिकीट पार पडले, तरच जर्मन परीक्षकांच्या संघटनेतल्या, या तिकिटांचा अभ्यास असलेल्या परीक्षकाकडे छायाचित्रासह प्रमाणपत्रासाठी पाठवा. तोवर ते पाण्यात भिजवू नका की जाड पुस्तकाखाली दाबू नका. उठाव एकदा सपाट झाला की पुन्हा येत नाही.