वाचक विचारतात : बाळाला घेऊन प्रवासाला निघताना

प्रश्न : बाळ ५ महिन्यांचं आहे. घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंत ९ तास लागतात. दर वेळी दोन मोठ्या बॅगा भरतो, तरी ऐन वेळी हवी ती वस्तू हाताला लागत नाही. डायपर आणि कपडे नेमके किती घ्यावेत?

मोजणीच्या आधी बॅगांची कामं वेगळी करा. मुक्कामी लागणारं सामान एका बॅगेत आणि वाटेत लागणारं दुसऱ्या, लहान बॅगेत. ही लहान बॅग कायम तुमच्या खांद्याला किंवा पायाशी हवी. ती डिकीत गेली की असून नसल्यासारखी. डायपर मुक्कामी बहुतेक ठिकाणी विकत मिळतात, वाटेत मिळतीलच असं नाही. म्हणून काटकसर करायचीच तर मोठ्या बॅगेत करा, लहान बॅगेत नको.

वाटेतल्या डायपरचा हिशोब तासांवर मांडा. दर २ तासांना एक, आणि वर ३ जास्तीचे. ९ तासांना ५ अधिक ३, म्हणजे ८. हे ३ खोळंब्यासाठी असतात, त्यामुळे सुरुवातीला त्यांना हात लावू नका. महिन्याच्या आतलं बाळ असेल तर तासाला एक धरा, कारण त्या वयात दूध पोटात गेलं की लगेच शी होते. कपडे बाळाचे दोन जोड आणि ज्याच्या मांडीवर बाळ असणार त्याच्यासाठी एक सदरा. बाळाचे कपडे सगळे घेतात, स्वतःचा सदरा मात्र हमखास राहतो.

आता भरण्याची पद्धत. डायपर एका कप्प्यात, वाइप्स दुसऱ्यात, पिशव्या तिसऱ्यात असं केलंत तर प्रत्येक बदलाला तीन चेन उघडाव्या लागतात, तेही कडेवर रडणारं बाळ असताना. त्याऐवजी एका बदलाचं सगळं एकत्र बांधा. चेनच्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत एक डायपर, ७-८ ओले वाइप्स आणि घाण टाकायची एक पातळ पिशवी. हवा दाबून काढा आणि चेन लावा. असे ८ पुडे बॅगेत उभे लावले की एका हाताने एक ओढला, काम झालं. रिकामी झालेली पिशवी फेकू नका. खराब झालेलं झबलं त्यातच बंद करता येतं आणि बॅगभर वास पसरत नाही.

शी पाठीवरून वर चढण्याचा त्रास प्रवासात जास्त होतो. बसवलेल्या बाळाच्या पोटावर दाब येतो आणि शीला खाली जागा राहत नाही. डायपर लावल्यावर दोन्ही मांड्यांभोवती बोट फिरवून आतली झालर बाहेर काढा. ती आत दुमडलेली राहिली की हमखास गळतं. मागची कड पुढच्यापेक्षा थोडी वर घ्या. मुलगा असेल तर शिश्न खाली वळवून डायपर लावा, नाहीतर पोटाकडून कपडे ओले होतात. चिकटपट्ट्या ओढून लावाव्या लागत असतील किंवा मांडीवर लाल वळ उठत असतील, तर माप लहान झालंय. निघायच्या आधीच पुढचं माप घ्या. प्रवासासाठी खांद्यावर एकावर एक घडी असलेले कपडे निवडा. त्यांचा गळा ताणून कपडा खांद्यांवरून खाली, पायांकडून काढता येतो. भरलेला कपडा डोक्यावरून ओढावा लागत नाही.

आदल्या दिवशी एक रंगीत तालीम करा. बॅग खांद्याला लावा, बाळाला एका हाताने धरा आणि घरातच एकदा डायपर बदलून पाहा. जी वस्तू काढायला दुसरा हात लागला, तिची जागा चुकलेली आहे.

प्रश्न : पावडरचं दूध घरीच तयार करून थर्मासमध्ये गरम ठेवून नेलं तर चालेल का?

नाही, हे कृपया करू नका. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात, आणि कोमट दूध त्यांना वाढायला अगदी सोयीचं. खूप लहान, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांना असा संसर्ग जिवावर बेतू शकतो. तयार दूध बाहेर २ तासांपेक्षा जास्त टिकत नाही, आणि बाळाने तोंड लावलेली बाटली तासाभरात संपली नाही तर उरलेलं ओतून द्यायचं.

पाणी, पावडर आणि बाटली वेगवेगळी न्या. पावडर एकेका वेळेची मोजून लहान, कोरड्या, झाकणाच्या डब्यांत भरा. बाटल्या निर्जंतुक करून झाकण लावून ठेवा. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी घालून ५ मिनिटं ठेवा, ते ओतून द्या आणि मग ताजं उकळतं पाणी काठोकाठ भरा. अर्धवट भरलेला थर्मास लवकर निवतो आणि इथे पाणी किमान ७० अंश सेल्सिअस असायला हवं, कारण पावडरमधले जंतू त्या उष्णतेनेच मरतात. तुमचा थर्मास किती तास ७० अंश टिकवतो, हे घरी थर्मामीटरने एकदा पाहून घ्या. अर्थात तापमापक या पाण्यासाठीचा हवा, ताप मोजायचा नव्हे.

बाटलीत आधी पाणी, मग पावडर. पावडर आधी टाकली तर पाणी खुणेपर्यंत भरताना कमी पडतं आणि दूध दाट होतं. दाट दुधाने बाळाला बद्धकोष्ठ होतो, अंगातलं पाणी कमी होतं. चमचा सपाट करूनच घ्या. दूध निववायला एक रिकामा मग आणि गार पाण्याची बाटली जवळ ठेवा. बंद बाटली त्या गार पाण्यात फिरवत धरा, पाणी बूच आणि निपलपर्यंत येऊ देऊ नका. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. तो कोमट लागला पाहिजे, गरम नाही.

थर्मास नेणं शक्यच नसेल, तर खास बाळांसाठी बनवलेलं, पावडर न कालवता थेट पाजता येणारं बाटलीबंद द्रव दूध हा सुरक्षित मार्ग आहे. सील उघडेपर्यंत ते निर्जंतुक असतं. उघडल्यावर मात्र त्यालाही वेळेचं बंधन आहेच.

प्रश्न : आणि काढून ठेवलेलं अंगावरचं दूध?

ते जास्त टिकतं. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास, गोठवलेले बर्फाचे पॅक असलेल्या थंड पेटीत २४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस. ६० ते १०० मिलिलिटरचे लहान भाग करा म्हणजे वाया कमी जातं. पॅक दुधाच्या पिशव्यांना चिकटून राहू द्या आणि पेटी सारखी उघडू नका. गोठवलेलं दूध पूर्ण वितळलं की फ्रिजमध्ये २४ तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही. विमानतळावर बाळाच्या दुधाला बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून सूट असते, पण तपासणीच्या आधी स्वतःहून सांगा आणि पेटी सामानात सर्वांत वर ठेवा.

प्रश्न : विमानात कान दुखून बाळ रडतं. काय करावं?

खरा त्रास उतरताना होतो. केबिनमधला दाब वाढत जातो आणि घशापासून मधल्या कानापर्यंतची नळी उघडली नाही तर कानाचा पडदा आत ओढला जातो. गिळल्यावर ही नळी उघडते. म्हणून बाळाला उतरताना पाजा. विमान जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधीच खाली येऊ लागतं, तेव्हाच सुरुवात करा. मागचं पाजणं त्या हिशोबाने थोडं पुढेमागे करा, कारण पोट भरलेलं बाळ ओढत नाही. झोपलेलं असेल आणि सर्दी नसेल, तर उठवायची गरज नाही. सर्दीने नाक चोंदलं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. उतरायच्या आधी मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब देऊन नाक मोकळं केलं की बाळाला चोखणं सोपं जातं.

प्रश्न : कार सीटमध्ये बाळाची मान पुढे लोंबते. उशी लावावी का?

उशी लावू नका. मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट चिंबते आणि लहान बाळ ती स्वतःहून सोडवू शकत नाही. डोक्यामागे उशी लावली तर ते डोकं आणखी पुढे ढकलतं. दोष बहुतेक वेळा सीटच्या कलण्यात असतो. नवजात बाळासाठी पाठ साधारण ४५ अंशांवर हवी. सीटच्या अंगावर त्यासाठी रेघ किंवा बुडबुडा असतो, तो गाडी सपाट जमिनीवर उभी असताना पाहा.

बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. ज्या जागेसमोर एअरबॅग चालू आहे, तिथे ही सीट कधीच लावायची नाही. पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत. ते किती घट्ट हवेत ते गळ्याच्या हाडाजवळ तपासा. पट्टा चिमटीत धरून पाहा, घडी पकडता आली तर तो सैल आहे. जाड जाकीट घालून पट्टे लावले की वरून घट्ट वाटतात, पण धडकेत जाकीट दबतं आणि पट्ट्यात बोटभर पोकळी निघते. आधी पट्टे लावा, मग वरून दुपटं पांघरा. सीट गाडीला नीट बसली आहे का, हे पट्टा जातो तिथे धरून हलवून पाहा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये.

दर दीड-दोन तासांनी थांबा आणि बाळाला सीटमधून काढून आडवं करा. पाजायचंही गाडी थांबवूनच. पोहोचल्यावर बाळ झोपेत असलं तरी सीटमध्ये राहू देऊ नका. आणि उभ्या गाडीत बाळाला एक मिनिटही एकटं ठेवू नका. उन्हात १० मिनिटांत आतलं तापमान १० अंशांनी चढू शकतं आणि बाळाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं.

प्रश्न : औषधं कोणती न्यावीत? बाळ शांत झोपावं म्हणून सर्दीचं औषध थोडं दिलं तर?

झोपेसाठी औषध देऊ नका. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या औषधांनी काही बाळं उलट जास्त चिडचिडी होतात, आणि लहान वयात श्वास मंदावण्याचा धोका असतो.

नेण्यासारखं म्हणजे डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेलं पॅरासिटामॉल, डिजिटल थर्मामीटर, मापाची सिरिंज, नाकाचे मिठाच्या पाण्याचे थेंब, डायपरच्या जागी लावायचं झिंकचं मलम आणि ओआरएसची पाकिटं. पॅरासिटामॉलमध्ये एक गफलत वारंवार होते. थेंबांची बाटली आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते. समजा थेंबांत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम आहे आणि सिरपमध्ये दर ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम. ६ किलोच्या बाळाचा एक डोस ६० ते ९० मिलिग्रॅम. कोणी सिरपचं अडीच मिलिलिटरचं माप लक्षात ठेवून तेवढे थेंब दिले, तर पोटात २५० मिलिग्रॅम जातं, म्हणजे जवळजवळ तिप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणून एकच बाटली न्या आणि तिच्यावर मार्करने मिलिग्रॅम व मिलिलिटर दोन्ही लिहा. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप आला, तर औषध देऊन वाट पाहू नका, थेट डॉक्टरकडे जा.

ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच पूर्ण पाकीट मिसळा. पाणी उकळून गार केलेलं हवं, मिसळल्यावर पुन्हा उकळायचं नाही आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. २ वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याने हळूहळू. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून आणखी सावकाश द्या. दूध पाजणं चालूच ठेवा.

प्रश्न : उन्हाळ्यात ४ महिन्यांच्या बाळाला पाणी द्यावं का?

नाही. ६ महिन्यांपर्यंत दूधच, फक्त जास्त वेळा. पुरेसं पोटात जातंय का हे ओल्या डायपरवरून कळतं. दिवसाला ६ किंवा जास्त असले तर ठीक. ६ ते ८ तास डायपर कोरडा राहिला, तोंड सुकलं, टाळू आत गेली किंवा बाळ मलूल वाटलं, तर प्रवास थांबवून डॉक्टर गाठा.

प्रश्न : परक्या ठिकाणी बाळ झोपत नाही. घरची गादी नेणं शक्य नाही.

गादी नको, घरी वापरलेली, न धुतलेली पाळण्याची चादर न्या. ओळखीच्या वासाने फरक पडतो. तिथली गादी कडक आणि सपाट आहे का हे हाताने दाबून पाहा, चादर चारही बाजूंनी घट्ट खोचा. बाळाला पाठीवर झोपवा, जवळ उशी, मऊ खेळणी किंवा सैल पांघरूण नको. मोठ्यांच्या पलंगावर कडेला उशा रचून झोपवू नका, उशी आणि गादीच्या फटीत बाळ अडकतं. वेगळा पाळणा नसेल तर जमिनीवर पातळ, घट्ट अंथरूण त्यापेक्षा बरं.

प्रश्न : ७ महिन्यांच्या बाळाला परदेशी नेणार आहोत. लसींचं काय?

किमान ६ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. गोवराचा धोका असलेल्या भागात जाताना ६ महिन्यांनंतर एक जादा डोस देता येतो. तो नेहमीच्या वेळापत्रकात धरला जात नाही, पुढचे डोस घ्यावेच लागतात. बहुतेक देशांत तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि आई-वडिलांपैकी एकच बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र मागू शकतात. लसीकरणाच्या नोंदीची एक प्रत लहान बॅगेत ठेवा आणि एक फोटो फोनमध्ये.