गवसणीतली सतार आणि घरभर कान

पत्र (थोडी काटछाट करून):

मावशी,
मी ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या नया बाजारात राहते. वय 41. नोकरी, दोन मुलं, सासूबाई, सगळं चारचौघींसारखंच. चार वर्षांपूर्वी सतार शिकायला लागले. लहानपणापासूनची इच्छा होती, यांनी मिरजेहून सतार आणून दिली. पहिली दोन-अडीच वर्षं वेड्यासारखी वाजवली. 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले. आणि मग काय झालं कळत नाही. गुरुवारी आणि रविवारी गुरुजींकडे जाते, पण घरी सतारीला हात लागत नाही. मोबाईलवर गजर लावून झाला. भिंतीवर तक्ता लावला, नऊ दिवस फुल्या मारल्या, दहाव्या दिवशी पाहुणे आले, संपलं. मुलगा म्हणतो, "आई, परत तेच?" सासूबाईंचा कान फार तयार, त्यांचे वडील गाण्यातले होते. मी भैरव राग वाजवायला घेतला आणि 'ध' चुकला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "धैवत!" मधे त्या नणंदेकडे भोपाळला गेल्या होत्या, ते बारा दिवस मात्र रोज वाजवलं, का कोण जाणे. आता सतार गवसणीत आहे आणि तिच्याकडे नजर गेली की अपराधी वाटतं. मला खरंच आवड आहे की ती नुसती हौस होती? सतार विकून टाकू का?
— गवसणीवाली

मावशी म्हटलंस, तेव्हा अहो-जाहो करत बसत नाही.

'का कोण जाणे' म्हणे! अगं, सगळं पत्र एकीकडे आणि ते बारा दिवस एकीकडे. त्या बारा दिवसांत तुझी नोकरी चालूच होती, मुलं घरातच होती, उलट स्वयंपाक एकटीवर पडला होता. गजर नाही, तक्ता नाही, तरी सतार निघाली. मग आवड नाही असं कसं म्हणू? वेळ नाही असंही म्हणवत नाही. घरातून फक्त कानांची एक जोडी भोपाळला गेली होती.

सासूबाईंना बोल लावत नाहीये. (हे त्या वाचणारच, तेव्हा त्यांना आधी नमस्कार.) त्यांचं बरोबरच असणार. पंचमाच्या परद्यावरून (दांडीवरच्या धातूच्या पट्टीवरून) तार ओढून भैरवाचा कोमल धैवत काढायचा म्हणजे केसभराचा हिशेब. ओढ जरा जास्त झाली की स्वर शुद्धाकडे सरकतो, कमी पडली की खालीच लोंबकळतो, आणि वर त्याला आंदोलनही, म्हणजे हळुवार झुलणंही, हवं. तू चुकतेस, त्या ओळखतात, यात भांडणाचं काही नाही. पण तू ज्याला रियाज म्हणतेस तो रियाज उरलेला नाही. रोज संध्याकाळी तू घरच्यांपुढे मैफल मांडतेस, कुणी न बोलावता, आणि रोज ती पडते. दहाव्या दिवशी पाहुणे आले नसते तर अकराव्या दिवशी डोकं दुखलं असतं. काहीतरी निमित्त झालंच असतं.

त्यातून आपलं गाव ग्वाल्हेर. इथं पोर रडलं तर सुरात रडतं आणि दगड गडगडला तर तालात, असं बाहेरचे लोक कौतुकानं म्हणतात. इथं शिकायला बसलेल्या माणसाला त्या कौतुकाचा काच होतो. मी दाणाओळीत वाढले. घराला घर चिकटलेलं, मधे एकच भिंत. चौदाव्या वर्षी मला पेटीचा नाद लागला. शेजारी एक काका होते, माझी पट्टी चुकली की पलीकडून भिंतीवर दोन थापा मारायचे. मनानं वाईट नव्हते ते, सणाला फराळ पाठवायचे. पण त्या थापांनी मी काय शिकले, तर जे येतं तेवढंच वाजवायला. दोन वर्षं एकच भूप राग, तोही तोच छोटा ख्याल, स्वच्छ. थापा थांबल्या आणि माझं शिकणंही थांबलं. पेटी अजून घरात आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. तेव्हा यश मिळालेल्या बाईचा सल्ला म्हणून हे वाचू नकोस.

जुन्या लोकांना यातलं जास्त कळत असावं. ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँ-हद्दू खाँची गोष्ट तू ऐकली असशीलच. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ हे गवई होते, आणि या दोघा भावांनी लपून त्यांचं गाणं ऐकून ऐकून त्यांच्या ताना उचलल्या, असं सांगतात. आपण ती गोष्ट हस्सू-हद्दूंच्या तल्लखपणासाठी सांगतो. मला त्यातलं लपणं महत्त्वाचं वाटतं. लपायला लागलं, कारण रियाज दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचा नाही ही रीतच होती. त्यांना विद्या चोरीला जाण्याचं भय होतं, तुला धैवताचं आहे. पण दार लावून घ्यायला तुलाही हरकत नाही.

आता तुझ्या स्वतःच्या कानाबद्दल, कारण तो सासूबाईंच्या कानापेक्षा जास्त छळतोय. चार वर्षं गुरुजींसमोर बसून तुझा कान हाताच्या पुढे निघून गेलाय. पहिल्या वर्षी सरळ आरोह-अवरोह निघाला तरी तुला आनंद व्हायचा, कारण कानाला तेवढंच कळत होतं. आता त्याला मींड (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं) कळते, तारेची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, कुठे तुटली ते कळतं, आणि हात अजून प्रवेशिकेतच बसलाय. म्हणून वाटतं की आपण मागे पडलो. तसं झालेलं नाही. परीक्षेच्या वेळचं काही मोबाईलवर असलं तर काढून ऐक, तेव्हाच्या तुझ्या धैवताला सासूबाईंनी 'धैवत' तरी म्हटलं असतं का बघ. कितीतरी जणांची वाद्यं गवसणीत जातात ती याच पायरीवर. आणि आपण म्हणतो, चिकाटी नव्हती.

गजर आणि तक्ता काढून टाक. फुलीची जागा रिकामी राहिली की सगळा तक्ताच टाकावासा वाटतो, आणि तसा तो तू टाकलासच. एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाजवायचं, हेही नको. रियाज म्हणजे पतपेढीचं कर्ज नव्हे, त्याला थकबाकी आणि व्याज लागत नाही.

त्यापेक्षा एक संध्याकाळ घड्याळ लावून बघ. कपाटामागून सतार काढायची, गवसणीची गाठ सोडायची, तार छेडायची नखी शोधायची (ती मुलाच्या कंपासपेटीत निघणार), मांडी घालून भोपळा पायाशी नीट बसवायचा. मग तारा. आठवडाभर हात न लागलेल्या सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या आपोआप घुमणाऱ्या बारीक तारा, उतरलेल्याच असतात. अकरा-तेरा बारीक खुंट्या, एक लावावी तोवर दुसरी उतरते. पावसात खुंटी फुगून अडकते, मे महिन्यात आपल्याकडची लू लाकूड वाळवते आणि तीच खुंटी धरवत नाही. अर्धा तास जुळवण्यात गेला की पाय बधिर, कुकरची शिट्टी, "आई, भूक." वाजवायला सात मिनिटं उरली, तीही चिडून. याला कंटाळली नाहीस तरच नवल.

म्हणून सतार आधी गवसणीतून काढ. दिवाणाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून, कुणाचा धक्का लागणार नाही अशी ठेव, वर जुनी सुती साडी. खिडकीचं ऊन नको आणि कूलरची ओल तर मुळीच नको. खुंटी घसरत असेल तर तिला शाळेचा खडू चोळ. रोज फक्त वरच्या मुख्य तारा, म्हणजे बाजाची, जोडीची आणि चिकारी, एवढ्याच तंबोऱ्याच्या ॲपवर मिळवून घे. तरफा रविवारी. हे वाचून तुझे गुरुजी माझ्यावर रागावतील आणि त्यांचं खरंही असेल, तरफा बोलल्याशिवाय सतारीत जीव नाही. पण बंद गवसणीत तरी कुठे असतो?

वाजवायचं काय, तर फार थोडं. मसीतखानी गत (सतारीची संथ लयीतली बांधलेली रचना) घे आणि तिचा फक्त मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, बाराव्या मात्रेपासून सोळाव्यापर्यंत: दिर दा दिर दा रा, आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. पाच मात्रा. लय मिनिटाला 60, म्हणजे मात्रा सेकंदाची. सोळा मात्रांच्या तीनतालाचं आवर्तन झालं 16 सेकंदांचं. दहा मिनिटांत तू 37 वेळा समेवर येशील. आजवरच्या कुठल्या संध्याकाळी एकच गोष्ट सलग 37 वेळा केली होतीस? नाही ना? सुरुवातीपासून शेवटपर्यंत गत धाडधाड वाजवत होतीस, अडलं की पहिल्यापासून, म्हणजे येणारा भाग शंभरदा आणि अडणारा चारदा. तो मोह मैफलीचा. चुकलीस तर लय 50 वर आण. धैवताला वेगळी पाच मिनिटं दे, नुसती ओढ आणि सोड. हे ऐकायला भयंकर लागेल आणि लागलंच पाहिजे.

पंधरा मिनिटं झाली की हात शिवशिवत असले तरी सतार ठेव. हे ऐकायला उफराटं वाटेल, पण हात शिवशिवत राहिले तर उद्या तुझे तूच सतार उचलशील. शिवाय रात्रीच्या झोपेत बोटं बरंच काही मुरवतात, रविवारी एकदम दोन तास बसून ते होत नाही. इतक्या खंडानंतर डाव्या हाताची पहिली दोन बोटं मऊ पडलेली असतील, तार रुतेल. बोटांना खोबरेल लाव, घट्टे परत यायला दोनेक आठवडे जातात. बोटं दुखणं चालायचंच, पण मनगट किंवा खांदा दुखला तर थांब आणि गुरुजींना बैठक दाखव.

सासूबाईंशी मात्र बोलायला हवं, आणि ते तूच बोल, नवऱ्यामार्फत नको. साधं सांग: "आई, मी सहा दिवस दार लावून चुकणार आहे, तेव्हा काही सांगू नका. रविवारी संध्याकाळी चहानंतर दहा मिनिटं तुमच्यासमोर बसेन, तेव्हा काहीही सोडू नका." तयार कानाच्या माणसाला गप्प बसवलं की त्याचा अपमान होतो, आणि वार ठरवून समोर बसवलं की मान होतो. कदाचित त्या रविवारची वाट बघायला लागतील. वडील गाण्यातले होते म्हणतेस, त्यांना स्वतःला कुणी शिकवलं होतं का ते एकदा विचार. मला उगाच शंका येते. मुलाचं मनावर घेऊ नकोस, 'परत तेच' हे त्यानं अगदी अचूक ओळखलंय.

परीक्षेचं थोडं बोलते. 1918 साली भातखंड्यांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं इथं माधव संगीत विद्यालय काढलं. अभ्यासक्रम, लिपी, वर्ग अशी घडी बसली म्हणून घराण्यात न जन्मलेल्या तुझ्या-माझ्यासारख्यांना शिकता आलं, त्या उपकाराला विसरत नाही. पण परीक्षा तुला तारखेची सवय लावून गेली. तारीख गेली आणि सतार बसली. मध्यमा या पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरलास तर पुन्हा वाजवशीलही, पण निकालानंतर पुन्हा हेच पत्र लिहिशील. या वर्षी फॉर्म नको.

तारीख हवीच असेल तर ही घे. 1 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर आणि 1 डिसेंबरला तोच मुखडा आणि तोच धैवत दोन मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड कर. ऐकायचं नाही. डिसेंबरात तानसेन समारोहाआधी तिन्ही एकापाठोपाठ ऐक. समारोहालाही जा. 1924 पासून चालत आलाय आणि आपल्याला हजीरा, जिथे तानसेनाची समाधी आहे, काय लांब आहे? पण स्फूर्ती-बिर्ती घ्यायला जाऊ नकोस, सतारवाले थंडीत तारा कशा मिळवतात ते बघायला जा. गार हवेत तार आखडते, स्वर चढतो, मोठमोठे लोकही गत थांबवून खुंटी पिळतात. तिथल्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खायचा तर खा, पण तो गळ्याला लागू पडतो म्हणतात, बोटांचं कुणी बोललेलं ऐकलं नाही.

त्यानंतर विकावीशी वाटली तर खुशाल वीक, मिरजेच्या सतारीला गिऱ्हाईक मिळेल. तोवर 'नुसती हौस' असं स्वतःला हिणवू नकोस. हौसेला मोल नसतं हे आपणच म्हणतो ना?

नखीला दोरा ओवून ती खुंटीला अडकवून ठेव. आणि पहिल्या रविवारी सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळव.