धर्माच्या नावानं मतं मागितली, तर पुढं काय?

प्रश्न : आमच्या मतदारसंघात एका सभेत वक्त्यानं ‘आपल्या धर्माच्या माणसालाच मत द्या’ असं उघड सांगितलं. मोबाइलवर चित्रण आहे. तोच उमेदवार निवडून आला. निकालाला तीन आठवडे झाले. मी साधा मतदार, काही करू शकतो का?

उत्तर : नक्की. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. मात्र ती निकालाच्या दिवसापासून ४५ दिवसांच्या आत. उशीर माफ होत नाही, म्हणून आजच वकील गाठा. अनामत २,००० रुपये. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर ‘खरी प्रत’ म्हणून तुमची स्वतःची सही. ज्या उमेदवारावर आरोप आहे, त्याला प्रतिवादी करायलाच हवं. यात चूक झाली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८६ खाली याचिका सुनावणीआधीच फेटाळली जाते.

खरी पडझड मसुद्यात होते. ‘धर्माच्या नावावर प्रचार केला’ एवढ्यानं भागत नाही. तारीख, जागा, वक्त्याचं नाव आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. वक्ता स्वतः उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी नसेल, तर या दोघांपैकी एकाची संमती होती हे मांडावं लागतं आणि सिद्धही करावं लागतं. उमेदवार व्यासपीठावर होता का, ते जरूर नोंदवा. उमेदवारी अर्ज भरण्याआधीचं भाषण यात धरलं जात नाही. शब्दांना फार महत्त्व आहे. मनोहर जोशी प्रकरणात (१९९५) ‘पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल’ हे वाक्य म्हणजे धर्माच्या नावानं मतयाचना नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात मात्र विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतली डॉ. रमेश प्रभूंची निवड भाषणांमुळेच रद्द राहिली.

मूळ मोबाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत दाबली जाते, तिचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलची आकड्या-अक्षरांतली ओळखखूण, बदलतं. चित्रण पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं.

कायद्यातली बंदी उमेदवाराच्या धर्मापुरती की मतदाराच्या धर्मालाही, हा वाद आता उरलेला नाही. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ मतांनी मतदाराचा धर्मही त्यात धरला. ते प्रकरण सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचं होतं! निकाल सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा आमदाराची मुदत सरून जाते. नागरिकावर हा अन्याय आहे, आणि निकाल वेळेत लागावेत यासाठी आमदार-खासदारांकडे सतत मागणी लावून धरली पाहिजे.

प्रश्न : मी देवस्थानचा विश्वस्त आहे. सभामंडपात पक्षाची बैठक घेऊ द्यावी का?

उत्तर : अजिबात नको. १९८८ च्या धार्मिक संस्था दुरुपयोग प्रतिबंधक कायद्यानं देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा सगळ्यांच्या जागेत राजकीय कामाला बंदी आहे. परवानगी देणारा व्यवस्थापकही दोषी ठरतो : पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. देणगीचा पैसाही पक्षासाठी वापरता येत नाही. नकार लेखी द्या आणि ठरावाच्या वहीत नोंद ठेवा.